घरातील पहिला कॅमेरा

एका वाचक भगिनींनी पुढील प्रश्न पाठविला आहे : 'चिरंजीव मोठा कॅमेरा मागत आहे. पुढील साली सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे, त्या निमित्ताने तो घ्यावा असे घरात घाटत आहे. प्रत्येकाच्या हाती मोबाइल असताना हा खर्च सार्थकी लागेल काय?' हा प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो. म्हणून त्याचा विचार येथेच करू.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. डी. एस्. एल्. आर्. ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडतो व तेथून वर वळून पाहणाराच्या डोळ्यास पोचतो. कळ दाबताच आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि तोच प्रकाश मागील संवेदकावर पडून चित्र उमटते. साध्या डी. एस्. एल्. आर्.चा हा संवेदक सुमारे २३ मि.मी. लांब व १५ मि.मी. रुंद असतो, मोबाइलमधील त्याहून कितीतरी लहान. घागरीच्या तोंडापेक्षा परातीत पावसाचे पाणी अधिक पडावे, तद्वत् मोठ्या संवेदकावर प्रकाश अधिक पडतो. देवघरातील मंद उजेडात ह्याचा गुण दिसतो. भर उन्हात मात्र मोबाइलही उत्तम काम देतो. तेवढ्यासाठी पैसा खर्चू नये.

आता खरेदीविषयी. निकॉन व कॅनन ह्या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर आरशाच्या जातीचा नवा नमुना काढलेला नाही. त्यांचे लक्ष आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे आहे. तेव्हा ही जात मावळती होय. परंतु शिकणाराच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच आहे. कारण चांगल्या स्थितीतील वापरलेले कॅमेरे त्यामुळे सवलतीत मिळतात. निकॉन डी ३५०० किंवा कॅनन १५०० डी हे दोन्ही २०१८ चे नमुने घरगुती कामास पुरून उरतात. जुना कॅमेरा घेताना पडदा किती वेळा उघडला आहे तो आकडा विचारावा, आणि भिंगातून विजेरीचा उजेड पाडून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे. अंगावर कमी खर्च करून उरल्या पैशांत ५० मि.मी.चे १.८ छिद्राचे एक भिंग घ्यावे. निकॉनच्या प्राथमिक नमुन्यांत भिंग फिरविण्याची मोटर नसते. म्हणून जिच्यात मोटर आहे अशाच जातीचे भिंग मागावे, अन्यथा प्रत्येक वेळी हातानेच नेम साधावा लागेल.

वस्तू घरात आली म्हणजे विद्या आली, असे मात्र नव्हे. शब्दरूपावली कपाटात ठेवल्याने कोणास संस्कृत आलेले नाही. येथेही तीन गोष्टी घोकाव्या लागतात : छिद्र, पडद्याचा वेळ आणि संवेदकाची ग्रहणशक्ती, म्हणजे आय. एस्. ओ. छिद्राचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात. आकडा मोठा तितके छिद्र लहान, आणि दर पायरीस प्रकाश निम्मा. पडद्याचा वेळ १/६० वरून १/१२५ सेकंदावर नेला की प्रकाश पुन्हा निम्मा, आय. एस्. ओ. १०० वरून २०० केला की उजळपणा दुप्पट. एकीकडे जे कमी केले ते दुसरीकडे भरून काढावे, हे ह्या शास्त्राचे सूत्र. म्हणून ५.६ व १/१२५ ह्यांनी जो उजळपणा येतो, तोच ४ व १/२५० ह्यांनीही येतो.

मग निवड कशी करावयाची? ती प्रसंगावरून. अंगणात धावणाऱ्या नातवंडांस १/५०० सेकंद हवे. दोन रांगांत बसलेल्या कुटुंबास छिद्र ८ ठेवावे, म्हणजे पुढील मुले व मागील मंडळी दोन्ही स्पष्ट येतात. ओवाळणीच्या वेळी छिद्र २, पडदा १/१०० आणि आय. एस्. ओ. १६०० पासून आरंभ करावा व गरजेप्रमाणे चढवावे. चकाकी लावल्यास निरांजनाचा सारा प्रकाश मरतो. आणखी एक मर्म : कॅमेऱ्याचा मापक समोरील सर्व वस्तू मध्यम करड्या रंगाच्या आहेत असे धरून चालतो. त्यामुळे शुभ्र लुगडे चित्रात मळकट दिसते. तेथे उजळपणाची दुरुस्ती अधिक १ करावी.

आजींचे चित्र घ्यावयाचे तर त्यांस खिडकीशी बाजूने उजेड येईल असे बसवावे, आणि नेम जवळच्या डोळ्यावर धरावा. त्यांस 'हसा' म्हणू नये. कोणी त्यांच्याशी माहेरची गोष्ट काढावी आणि कळ दाबणाराने वाट पाहावी. चेहरा आपोआप खुलतो.

कॅमेरा समारंभाच्या आदल्या दिवशी आणू नये. निदान तीन महिने आधी आणून रोज दहा चित्रे काढावीत. तसेच तो एकट्या चिरंजीवांच्या हाती ठेवू नये. जो चित्र काढतो तो स्वतः चित्रात नसतो. एकाच हाताने काढलेल्या संग्रहातून तो माणूस पुढे हरवलेला दिसतो. घरातील सुनेने व मुलीनेही ही विद्या शिकावी.

पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. चित्रांच्या दोन प्रती निरनिराळ्या जागी असाव्यात, आणि वर्षातून वीस-पंचवीस निवडक चित्रे कागदावर छापून मागे नाव व दिनांक लिहावा. जुन्या ट्रंकेतील चित्रांत 'ही कोण?' असे विचारावयास आता कोणी उरलेले नाही, असे कित्येक घरांत होते. दोन ओळींच्या लेखनाने ते टळते.

तात्पर्य, भगिनींनी कॅमेरा अवश्य घ्यावा. पण बेताच्या किमतीचा, आणि आजच. सहस्रचंद्रदर्शनास अवधी आहे. मात्र शिकण्यास जो अवधी लागतो तोही त्यातच बसवावयाचा आहे.