पागोळीखालची कळशी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आत्याच्या घरी जुलै महिन्यात गेलं, तर कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. कौलांवर पावसाचा असा ताशा वाजत असतो की, पडवीतल्या माणसाने माजघरात हाक मारायची तर घसा ताणावा लागतो. पागोळ्यांची जाड दोरखंडं अंगणात उतरत असतात आणि त्यांचं पाणी पाणंदीतून वहाळाकडे, वहाळातून खाडीकडे धावत सुटतं. त्याच घरी मे महिन्यात गेलं, की आत्या पाय धुवायला तांब्या पुढे करते आणि हलक्या आवाजात म्हणते, "पाणी जरा बेतानं घे हो." लहानपणी मला यात काही वावगं वाटत नसे. मोठेपणी मात्र प्रश्न पडू लागला, की जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे पाहुण्याने पाय धुताना अपराधी का व्हावं?

उत्तर पायाखालीच होतं. कोकणचा जांभा सच्छिद्र. पाणी त्यात झटकन मुरतं आणि तितक्याच झटकन उताराने निघून जातं. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचं अंतरही थोडं, त्यामुळे नद्यांना रेंगाळायला सवड नाही. फेब्रुवारी सरली की विहिरीचा तळ दिसू लागतो. गंमत अशी की, आगोटीची तयारी करण्यात कोकणी माणसाचा हात कोणी धरणार नाही. लाकूडफाटा, सुकी मासळी, लोणची, पापड, सगळं जूनच्या आधी घरात येऊन पडतं. पावसाळ्यासाठी एवढी साठवण करणारे आम्ही, पावसाची साठवण मात्र करत नव्हतो.

2018च्या मे महिन्यात विहीर पार आटली. टँकर यायचा तो वाडीच्या तोंडाशी, आठवड्यातून दोनदा. सत्तरी ओलांडलेली आत्या चढावरून कळशी आणताना घसरली. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. आम्ही भाचरांनी पुण्यात बसून एकमताने ठरवलं, की घराला कुलूप लावायचं आणि आत्याला इकडे आणायचं. तिला हे सांगायला मीच गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाण्यासाठी घर सोडायचं? आणि पाणी तर वरून पडतंय की रे!"

त्या एका वाक्याने मला हिशेबाला बसवलं. हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल असा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. आत्याचं छप्पर साठ चौरस मीटरचं. उडालेलं, सांडलेलं वजा करून शंभरातले ऐंशी भाग हाती लागले, तरी मोसमात 1 लाख 44 हजार लिटर पाणी! पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले, तर पाच माणसांना दिवसाला पन्नास लिटर. मार्चपासून जूनपर्यंतच्या शंभर दिवसांना पाच हजार लिटर पुरतात. म्हणजे जे पाणी आम्ही खाडीला देत होतो, त्याचा पंचविसावा हिस्सासुद्धा अडवायची गरज नव्हती. जुलैतल्या एखाद-दोन दिवसांच्या झडीत ती टाकी भरणार होती.

हा हिशेब फक्त कोकणापुरता नाही. माणदेशात पाचशे मिलिमीटर पाऊस झाला, तर पन्नास चौरस मीटर छपरावरून वीस हजार लिटर मिळतात. पाच माणसांचं वर्षभराचं पिणं-रांधणं त्यात भागतं. तिथे टाकी मात्र मोठी, बारा हजार लिटरच्या आसपासची लागेल, कारण कोरडे महिने आठ. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. शंभर मिलिमीटर पावसात तेवढं पाणी पन्नास चौरस मीटरच्या शंभर छपरांवर पडतं.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांशेजारी कातळात टाकी खोदली आणि पावसाचं पाणी पन्हळींनी त्यांत उतरवलं. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटलेलं आढळतं आणि पोढी दान करणं हे पुण्यकर्म मानलं जाई. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने बजावलं, की गडावर एका झऱ्यावर विसंबून निश्चिंत राहू नये, जास्तीची टाकी बांधून साठा ठेवावा. राजस्थानातल्या घरांच्या अंगणातले 'टांके' याच शहाणपणाचे. नळ आले आणि आपण हे शहाणपण विसरलो.

आम्ही त्याच पावसाळ्याआधी फेरोसिमेंटची पाच हजार लिटरची टाकी बांधली, पागोळ्यांखाली पीव्हीसीची पन्हळ लावली आणि पहिल्या सरीपासून पाणी भरलं. इथे आमचं चुकलं, आणि ती चूक मी मुद्दाम सांगतो. आत्या म्हणत होती, "अरे, मृगाचा पाऊस छपरं धुवायला येतो, तो कोणी भरतं का?" आम्ही शहरातले शहाणे, ऐकलं नाही. कौलांवरचा आठ महिन्यांचा पालापाचोळा, शेवाळ, पाखरांची विष्ठा सगळी टाकीत उतरली. तोंडाला जाळी नव्हती, तेव्हा डासांच्या अळ्याही झाल्या. वरून पाणी नितळ दिसलं म्हणून न उकळता प्यायलो. आत्याला असे जुलाब झाले की तालुक्याला नेऊन दोन दिवस सलाइन लावावं लागलं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "पाणी उकळलं होतं का?" मला मान वर करता आली नाही.

तेव्हापासूनचे आमच्या घरचे नियम असे. मे अखेरीला छप्पर आणि पन्हळ झाडून घ्यायची. सुरुवातीच्या काही सरी वाहून जाऊ द्यायच्या. पुढेही उघडीप पडून पाऊस आला, तर पहिलं मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं पाणी, आमच्या छपराचं साठ ते सव्वाशे लिटर, वेगळ्या तोटीने बाहेर सोडायचं. मग खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून ते टाकीत घ्यायचं. टाकी बंद आणि अंधारी हवी, म्हणजे शेवाळ धरत नाही. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. छप्पर ॲस्बेस्टॉसचं किंवा शिशाचा रंग दिलेलं असेल, तर ते पाणी पिण्याला घेऊ नये.

आणि नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे, हे तर भिंतीवर लिहून ठेवावं. तुरटीने किंवा निवळीच्या बीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून उकळणं सर्वांत खात्रीचं. साठ्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि तासभर थांबायचं. कडक उन्हाच्या दिवसांत प्लास्टिकची पारदर्शक, रंगहीन बाटली स्वच्छ पाण्याने भरून सहा तास उन्हात ठेवली, तरी सूर्यनारायण तेच काम करतो. आभाळ असेल तर दोन दिवस ठेवावी.

यात न जमण्यासारखं काय आहे? तमिळनाडूने 2003मध्ये इमारतींना पाऊसपाण्याची साठवण सक्तीची केली. आपल्याकडेही मोठ्या इमारतींच्या नकाशांत ती दाखवावी लागते. पण पुण्यातल्या आमच्याच सोसायटीत गच्चीवरच्या पाण्याचा पाइप कुठे जातो ते एकदा पाहिलं, तर तो थेट गटारात! नकाशावर खड्डा होता, जमिनीत नव्हता. दर उन्हाळ्यात टँकरची वर्गणी काढणाऱ्या आम्हा बत्तीस कुटुंबांपैकी एकानेही वाकून तो पाइप पाहिला नव्हता. कायदा कागदावर पाणी साठवतो. टाकीत साठवायला घरातलं माणूसच लागतं. आणि ते माणूस बहुधा बाईच असते, कारण पाणी संपल्याचं आधी तिलाच कळतं. टाकीचा खर्च ठरवताना पुरुषांनी तिच्या कमरेला विचारावं.

आत्या अजून तिच्याच घरात आहे. मे महिन्यात मी गेलो की तांब्या आजही पुढे येतो, बेतानं वापरायची ताकीदही असते. सवय कुठे जाते! पण परवा तिने शेजारच्या सुनेला हाक मारून दोन कळशा भरून दिल्या. मी पाहत होतो. म्हणाली, "बघतोस काय? आभाळाचं आहे, माझं थोडंच आहे?"

जून जवळ येतो आहे. आपल्या घराचा पाइप कुठे जातो, ते आज रविवारी जरा पाहून या.