शेंगदाण्याचा कूट आणि पर्समधलं पेन



आपल्या घरात कांदा-लसूण नाही, त्यामुळे भाजी मिळून यायला शेंगदाण्याचा कूट लागतोच. सोलापूरकडची शेंगाचटणी तर आपली ओळख. पण हाच शेंगदाणा एखाद्या लेकराच्या जिवावर बेततो. कुणाला तीळ, कुणाला काजू, तर कुणाला मधमाशीचा दंश. "घरचं शुद्ध अन्न आहे, एक घास खा" हा आपला आग्रह अशा वेळी मला पटत नाही. शुद्धता वेगळी, ॲलर्जी वेगळी.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, चक्कर येऊन माणूस गळून गेला, तर पहिलं औषध एकच : ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. सेट्रिझिनच्या गोळीने खाज कमी होते, पण बंद होणारा श्वास ती सोडवत नाही. गोळी देऊन वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात.

हे इंजेक्शन पेनासारख्या नळीत तयार भरून मिळतं. एपिपेन हे त्यातलं प्रसिद्ध नाव. आपल्याकडे मेडिकलमध्ये ते सहज मिळत नाही, बरीच घरं परदेशातून मागवतात. माझं ठाम मत आहे की घरात ते असेल तर वापरायला बायकांना आलंच पाहिजे. कशात काय घातलंय ते आपल्यालाच ठाऊक असतं, आणि दुपारी घरात असतो आपणच.

एपिपेन मुठीत धरायचं, टोकावर अंगठा ठेवायचा नाही. निळं टोपण ओढून काढायचं. नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध जोरात दाबायचं आणि खटका वाजल्यावर ३ सेकंद तसंच धरायचं. साध्या कापडावरून चालतं, पण साडीच्या निऱ्यांचे थर आधी बाजूला करा. लहान मुलाचा पाय घट्ट धरा. मग रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. लगेच १०८ ला फोन. ५ ते १५ मिनिटांत उतार नसेल तर दुसरं पेन. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. छाती धडधडते, हात थरथरतात, त्याला घाबरू नका.

पेन फ्रिजमध्ये नको आणि अकलूजच्या उन्हाळ्यात गाडीतही नको. कुलपात तर नकोच. औषध गढूळ किंवा तपकिरी दिसलं, मुदत संपली, की बदला. दहीगावच्या दर्शनाला निघताना मूल आणि पेन दोन्ही सोबत आहेत ना, ते बघा.

"सूर्यास्तानंतर नियम आहे, सुई चालेल का?" असा प्रश्न घरातून येतो. ते अन्न नव्हे, तोंडावाटे काही जातही नाही. तरी मनात शंका असेल तर महाराजांना आजच विचारून ठेवा. श्वास कोंडलेला असताना ही चर्चा नको.

आणि पेन नसेल तर? आपल्या डॉक्टरांकडून वजनानुसार डोस, काय कधी करायचं, हे मराठीत लिहून घ्या. जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्रीही हे इंजेक्शन देतात, ते विचारून ठेवा. तो कागद स्वयंपाकघरात, कुटाच्या डब्याशेजारी चिकटवा.