पाणथळीचे पर्यटन : होड्या आल्या, पाण्याचे काय?

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या मंदिरासाठी आणि मंदिराच्या परिसरात मुक्तपणे वावरणाऱ्या माकडांसाठी राज्यभर ओळखले जाते. अनेक कुटुंबांचे हे कुलदैवत असल्याने चैत्रातील यात्रेला येथे मोठी गर्दी होते. याच तालुक्याच्या हद्दीवरून सीना नदी वाहते आणि तिच्यावर सीना-कोळेगाव प्रकल्पाचा जलाशय आहे. नदीच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका आणि त्याच्याही पलीकडे भीमेवरील उजनी धरणाचा अफाट पाणफुगवटा. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून पाठीवर सॅक आणि गळ्यात दुर्बीण अडकवून निघालेल्या तरुणांचे जथे या पाणफुगवट्याच्या काठी, भिगवण परिसरात, पक्षी पाहण्यासाठी उतरतात. मग भीमेच्या काठी जे घडले ते सीनेच्या काठी का घडू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे.

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी भिगवणला नेमके काय घडले आणि काय घडायचे राहून गेले, हे तपासणे आवश्यक ठरते.

धरणातून उभा राहिलेला व्यवसाय

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवण क्षमतेच्या या जलाशयाने पुणे, सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या जमिनी पोटात घेतल्या. जुन्या पळसदेव गावातील मंदिर आजही पाणी ओसरले की वर येते आणि त्या विस्थापनाची आठवण करून देते. साठा मोठा असला तरी जलाशयाच्या वरच्या अंगाला, कुंभारगाव आणि डिकसळच्या परिसरात, पाणी उथळ आहे. ते जसजसे उतरते तसतसा गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि रोहित, चित्रबलाक, चमच्या, शेकाट्या यांच्यासाठी अन्नाचे कोठार खुले होते. कच्छच्या रणात वीण करणारा रोहित, हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, उत्तरेकडून येणारे थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक असे नाना तऱ्हेचे पाहुणे येथे हिवाळा काढतात.

या पाहुण्यांच्या मागे माणसे आली. गेल्या दोन-अडीच दशकांत येथील मच्छीमारांनी पहाटेच्या मासेमारीनंतर पर्यटकांना होडीतून फिरवण्यास सुरुवात केली. धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांतील तरुण, भोई समाजातील मच्छीमार यांनी पक्ष्यांची नावे आणि सवयी आत्मसात केल्या. कोणत्या दिवशी कोणत्या दांड्यावर गाळ उघडा आहे, वारा कोणत्या बाजूचा असता होडी कुठून न्यावी, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासूनच होते. घरगुती मुक्काम, पिठले-भाकरी, माशांचे जेवण यांची सोय उभी राहिली. सरकारी योजनेची वाट न पाहता ग्रामस्थांनी उभ्या केलेल्या व्यवसायाचे हे उदाहरण कौतुकास्पद आहे, यात शंका नाही.

पक्ष्यांचे वेळापत्रक आणि कालव्याचे वेळापत्रक

तथापि, या व्यवसायाचा पाया ज्या पाण्यावर आहे, त्या पाण्यावर होडीवाल्यांचा काडीमात्र अधिकार नाही. उजनीतून किती पाणी, केव्हा आणि कोणासाठी सोडायचे याचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. तेथे ऊस असतो, सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी असते, औद्योगिक वसाहती असतात. पक्षी नसतात आणि पक्ष्यांवर पोट असणारेही नसतात. पाणी भरपूर असलेल्या वर्षी गाळाचे पट्टे उशिरा उघडे पडतात आणि रोहितांचे आगमनही लांबते. याउलट २०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला. उणे याचा अर्थ उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यालाही हात लागला. अशा वेळी उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, उपशासाठी पंप पुढे सरकतात आणि पक्ष्यांसाठी उरलेला काठ आक्रसत जातो.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या प्रतीचाही प्रश्न आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून अखेर उजनीतच येते. जलपर्णीचा विळखा, तिलापिया आणि सकर माशाचा प्रादुर्भाव, बारीक आसाच्या जाळ्यांनी होणारी मत्स्यबीजाची लूट, यांत्रिक बोटींनी होणारा वाळूउपसा या साऱ्याचा फटका मच्छीमारांना आणि पक्ष्यांना सारखाच बसतो. जो सकाळी जाळे टाकतो आणि नंतर पर्यटक फिरवतो, त्याच्या दोन्ही उत्पन्नांवर हा घाला आहे.

पर्यटनाने स्वतः आणलेले प्रश्न वेगळेच आहेत. छायाचित्रासाठी रोहितांचा थवा उडावा म्हणून होडी थेट त्यांच्या दिशेने नेण्याचा आग्रह पर्यटक धरतात. कुरव पक्षी होडीभोवती घिरट्या घालावेत यासाठी शेव-फरसाण उधळले जाते. लांबच्या स्थलांतरासाठी चरबी साठवू पाहणाऱ्या पक्ष्याला दिवसातून अनेकदा उडावे लागणे म्हणजे त्याच्या शिदोरीवर डल्ला मारण्यासारखेच आहे. चांगला वाटाड्या अशा वेळी इंजिन बंद करून, अंतर राखून थांबतो. पण चार पैसे अधिक देणारा पर्यटक शेजारच्या होडीत जाईल ही भीती त्याच्याही मनात असते. सर्वांना सारखेच बांधणारा नियम नसेल, तर सचोटीने वागणाऱ्याचेच नुकसान होते.

सुरक्षिततेचा मुद्दाही डोळ्यांआड करता येणार नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान प्रवासी वाहतूक करणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. ती पर्यटकांची बोट नव्हती. पण पाणी तेच होते. त्याच उजनीत जलपर्यटन वाढविण्याचे आराखडे मांडले जात असताना या दुर्घटनेचा विसर पडणे परवडणारे नाही.

कायद्याच्या चौकटीबाहेर

देशभर पाणथळ जागांच्या रक्षणाची चर्चा होत असताना उजनी किंवा सीना-कोळेगाव यांना त्याचा लाभ का मिळू नये? याचे उत्तर पाणथळ संवर्धनाच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून वगळण्यात आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागांची प्रत्यक्ष पाहणी आणि सीमांकन करण्याचे आदेश राज्यांना दिले. मात्र महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पक्ष्यांना आसरा देणारे बहुतेक पाणी मानवनिर्मित आहे. ते कायद्याच्या दृष्टीने पाणथळ ठरत नाही, ही मोठीच विसंगती म्हणावी लागेल.

मानवनिर्मित पाण्याला संरक्षण देताच येत नाही असे नव्हे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हा ब्रिटिश काळातील बंधारा. त्याच्या गाळात तयार झालेली बेटे पक्ष्यांनी आपली मानली आणि १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले. पुढे जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. मराठवाड्यातील जायकवाडी जलाशयालाही १९८६ मध्येच पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. मग उजनीला का नाही?

याचे कारण याच पट्ट्याच्या इतिहासात दडलेले आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. गावेच्या गावे, खासगी शेते, वस्त्या त्यात आल्या. करमाळा तालुकाही त्यातून सुटला नाही. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि दोन पिढ्यांनी वन विभागाच्या ना-हरकतीसाठी हेलपाटे घातले. अखेर २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटविण्यात आले. एवढे होऊनही माळढोक जवळपास नाहीसा झाला, तो झालाच. ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारताच येथील शेतकरी आणि मच्छीमार सावध होतात, त्यामागे हा अनुभव आहे. त्यांना पर्यावरणविरोधी ठरवून प्रश्न सुटणार नाही.

मधला मार्ग

अभयारण्य नको आणि मोकाट पर्यटनही नको, असा मार्ग कायद्यात उपलब्ध आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव क्षेत्रा’ची तरतूद केली. शासकीय मालकीच्या जमिनीवर, स्थानिकांशी विचारविनिमय करून, असे क्षेत्र घोषित करता येते. त्याच्या व्यवस्थापन समितीवर हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रातील संस्था, तसेच कृषी व पशुसंवर्धन विभागांचे प्रतिनिधी असतात. नाशिकजवळच्या बोरगडला २००८ मध्ये हा दर्जा मिळाला. जलाशयाची संपादित जमीन शासनाचीच असल्याने खासगी शेतीला हात न लावता निवडक उथळ काठांपुरता हा प्रयोग शक्य आहे. मुख्य म्हणजे पाण्यावर पोट असणाऱ्यांना औपचारिक बैठकीत बसण्याची खुर्ची मिळते. होड्यांचे परवाने, जीवरक्षक जाकिटे, पक्ष्यांपासून राखायचे अंतर, गाळपेरीतून वगळायचे पट्टे हे सारे तेथे ठरू शकते.

सीनेच्या काठासाठी तर ही संधी अधिक मोलाची आहे, कारण येथे अद्याप सारेच व्हायचे आहे. सोनारीला भाविकांच्या निमित्ताने वर्दळीची सवय आहे. यात्रा चैत्रात, तर पाणपक्ष्यांचा हंगाम कार्तिक ते फाल्गुन. म्हणजेच एकाच्या ओसरत्या काळात दुसऱ्याचा बहर. उतरण्याच्या सोयी, खाणावळी, वाहने दोन्ही हंगामांत उपयोगी पडू शकतात. कुर्डुवाडी जंक्शनवर उतरून परंड्याचा किल्ला, सोनारीचे मंदिर आणि सीनेचा काठ असा दोन दिवसांचा कार्यक्रम आखणे पायी हिंडणाऱ्या तरुणांनाही कठीण नाही. मात्र प्राण्यांना खाऊ घालणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या गावाला, पाण्यावरच्या पक्ष्याला काहीही न देणे हीच त्याची सेवा आहे, हे समजावून सांगावे लागेल.

अर्थात सीनेचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागेल. अवर्षणाच्या वर्षांत मृतसाठ्यात जाणारी हीच नदी सप्टेंबर २०२५ मध्ये अशी कोपली की परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्या ग्रामस्थांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. शेतांतील माती वाहून गेली, जनावरे दगावली. त्या आपत्तीतून सावरणाऱ्या शेतकऱ्याला पक्षी पर्यटन हे शेतीला पर्याय म्हणून विकणे ही त्याची फसवणूक ठरेल. हिवाळ्यातील तीन-चार महिन्यांचे पूरक उत्पन्न, एवढीच त्याची प्रामाणिक ओळख असू शकते.

म्हणूनच येथे सुरुवात होडीने न होता नोंदवहीने झाली पाहिजे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. परंडा आणि करमाळ्यातील शाळा-महाविद्यालयांनी त्यात सीना-कोळेगाव जलाशयाची सलग काही वर्षे मोजणी केली, तर कोणता पक्षी कोणत्या पातळीला कोणत्या काठावर उतरतो हे कागदावर येईल. पाटबंधारे खात्याशी बोलण्यासाठी असा कागद हाती लागतो आणि त्या मोजणीतूनच उद्याचे वाटाडेही तयार होतात.

भिगवणच्या होडीवाल्यांनी आपल्या हिमतीवर व्यवसाय उभा केला, पण तो ज्या पाण्यावर तरंगतो ते पाणी आजही दुसऱ्याच्या हाती आहे. सोनारीकरांनी त्यांच्याकडून होडी वल्हविण्याआधी हा धडा घ्यावा. पाण्याच्या बैठकीत जागा मिळविल्याशिवाय पाणथळीचे पर्यटन टिकत नाही, आणि पक्षी तर कोणाच्याच सोयीसाठी थांबत नाहीत.