मातीत कार्बन साठवायचा, पण नत्र आणायचं कुठून?

हवेतला कार्बन मातीत साठवा आणि त्याचे पैसे मिळवा, ही कल्पना आता भारतातल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडाही जाहीर केला. पण या गणितात एक गोष्ट अनेकदा सुटते. ती म्हणजे नायट्रोजन, शेतकऱ्यांच्या भाषेत नत्र.

हजारी चारचं स्वप्न

२०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सनं 'हजारी चार' हा उपक्रम मांडला. मातीतला सेंद्रिय कार्बन दरवर्षी ०.४ टक्क्यानं वाढवायचा, म्हणजे हवामान बदलाला लगाम बसेल आणि जमीनही सुपीक होईल, अशी ही कल्पना होती.

दोन वर्षांनी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाचे मृदाशास्त्रज्ञ यान विलेम फान ग्रुनिंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: एवढ्या कार्बनसाठी लागणारं नत्र कुठून येणार?

कार्बनला नत्र कशाला लागतं?

मातीत टिकून राहणारा सेंद्रिय पदार्थ म्हणजे नुसता कार्बन नव्हे. त्यात साधारण १२ भाग कार्बनमागे १ भाग नत्र असतं. म्हणजे १ टन कार्बन मातीत टिकवायचा, तर सुमारे ८३ किलो नत्र हवं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतं. म्हणजेच हे नत्र झालं जवळपास ४ गोणी युरियाइतकं.

जगभरच्या शेतजमिनींसाठी 'हजारी चार'चं लक्ष्य वर्षाला सुमारे १२० कोटी टन कार्बनचं होतं. त्यासाठी दरवर्षी जवळपास १० कोटी टन जादा नत्र लागेल, असा हिशेब फान ग्रुनिंगन यांच्या गटानं मांडला. तेव्हा जगात जेवढं नत्रखत तयार होत होतं, त्याच्या सुमारे ७५ टक्के.

मग जास्त युरिया टाकला तर?

इथेच खरी अडचण आहे. युरिया बनवायला नैसर्गिक वायू किंवा कोळसा जाळावा लागतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय शेतात टाकलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून हवेत जातो. १०० वर्षांचा विचार केला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. म्हणजे एका हातानं साठवायचं आणि दुसऱ्या हातानं सोडायचं.

जगात अनेक ठिकाणी पिकांना गरजेपेक्षा जास्त नत्र दिलं जातं हे खरं. पण ते जादा नत्र असतं एकीकडे आणि कार्बन साठवायचा असतो दुसरीकडे.

शेतकऱ्याला हे नवीन नाही

महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकांना हे गणित अनुभवानं माहीत आहे. पाचट न जाळता सरीत कुजवायचं असेल, तर त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धक टाकायला सांगतात. कारण पाचटात कार्बन भरपूर, नत्र अगदी कमी. गव्हाच्या काडात तर हे प्रमाण साधारण ८० ला १ असतं. असा काडीकचरा कुजवणारे जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून उचलतात आणि तेवढे दिवस पीक पिवळं पडतं.

यातून मार्ग आहे का?

तूर, हरभरा यांसारख्या कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात. शेणखतात आणि कंपोस्टमध्ये कार्बन आणि नत्र दोन्ही असतं. त्यामुळे फेरपालट, आंतरपीक आणि शेणखत हे जुनेच उपाय इथे महत्त्वाचे ठरतात. पण कडधान्यांनाही जागा लागते आणि शेणखतही हवं तेवढं मिळत नाही. म्हणून मातीतला कार्बन वाढेल तो सावकाश, आणि जमिनीगणिक वेगळा.

याचा अर्थ मातीत कार्बन वाढवू नये असा नाही. कार्बन वाढला की जमीन भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते. हा फायदा क्रेडिट मिळो न मिळो, शेतकऱ्याचाच आहे.

पण कार्बन क्रेडिटच्या करारावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. यासाठी लागणारं नत्र कुठून येणार? आणि त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हिशेबात धरला आहे का? उत्तर मिळालं नाही, तर हिशेब अर्धाच मांडला आहे असं समजावं.