भातखाचरातले शेजारी

एकाच ठिकाणी राहणारे सजीव परस्परांचे जगणे कसे घडवतात, हे भातखाचरात स्पष्ट दिसते. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याच्या पानांत राहणारे नील-हरित शैवाल हवेतील नत्र स्थिर करते. अझोला कुजल्यावर हा नत्र भाताला मिळतो. तपकिरी तुडतुडे भाताचा रस शोषतात, कोळी तुडतुड्यांना खातात. सरसकट कीटकनाशक फवारल्यास कोळीही मरतात आणि तुडतुड्यांचा पुन्हा उद्रेक होतो. कोकण-विदर्भातील भातशेतीला हा धोका आहे. म्हणूनच या अंकात आम्ही सहजीवन, स्पर्धा आणि भक्षण ही नाती शेताच्या बांधावरून मांडली आहेत. वाचकांनी आपापल्या शिवारातील निरीक्षणे अवश्य कळवावीत.