किडनी द्यायची वेळ आली की घरातली बाईच पुढे का?

आपल्याकडे मूतखडा म्हटला की अख्खं गाव औषध सांगतं. कुणी पानफुटी खायला सांगतं, कुणी कुळथाचं पाणी. पण क्रिएटिनिन किती आहे विचारा, रावेर-यावलपासून साक्री-शिरपूरपर्यंत बहुतेक घरं गप्प. मूतखडा दुखतो म्हणून कळतो. किडनी निकामी होताना मात्र बराच काळ काहीच दुखत नाही. मधुमेह आणि बीपी ही त्याची मोठी कारणं. त्यात अंगदुखीच्या गोळ्या, त्या तर किराणा दुकानातही मिळतात.

शेजारच्या बुलढाण्यात जळगाव जामोद, संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे आजार हा जुना प्रश्न आहे. लोक खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतात. तिकडची पूर्णा पुढे चांगदेवला तापीला मिळते, म्हणजे हा प्रश्न आपल्या उंबऱ्याजवळचाच.

डायलिसिस महात्मा फुले योजनेत मोफत होतं. पण आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चार तास. एसटीचं भाडं, रुग्णाची आणि सोबतच्याची बुडालेली मजुरी योजनेत येत नाही. प्रत्यारोपणासाठीची मर्यादा 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, हे चांगलंच झालं. किडनी कुणाची, हा प्रश्न मात्र घरातच सुटतो.

आणि तो कसा सुटतो, ते 'नोटो' या राष्ट्रीय संस्थेचे आकडे सांगतात. 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 प्रत्यारोपणं झाली. त्यात 29 हजारांहून जास्त पुरुषांची, बायकांची फक्त 6,945. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र दर पाचात चार बायका. "तो कमावता आहे, त्याला अशक्तपणा आला तर?" असं म्हणतात. मग कापूस वेचणारी काय घरी बसून असते?

दुसरा मार्ग मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांचा. तिथं नातेवाईक विचारतात, "छाती हलतेय, मग मेला कसा?" प्रश्न अडाणीपणाचा नाही, छाती खरंच हलत असते. पण ती व्हेंटिलेटर हलवतो. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतं आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. हे आयसीयूच्या दाराशी पहिल्यांदा ऐकलं तर पटणार कसं? त्यात 2016 चं मुंबईतलं किडनी रॅकेट लोक विसरलेले नाहीत.

अवयवदानाचा फॉर्म भरला तरी शेवटी नातेवाइकांना विचारलं जातंच. काका, मोठा भाऊ यांना आधी काही सांगितलेलंच नसेल, तर त्या रात्री उत्तर 'नाही' हेच येतं.