चिंचिलाचें पडसें

घरांत पाळलेल्या चिंचिलास दोनचार शिंका आल्या, नाकाशीं ओलावा दिसूं लागला, कीं त्याचा धनी कपाटांतील स्वतःच्या उरलेल्या गोळ्या हुडकूं लागतो. आपणांस होतें तसलेंच पडसें त्यालाहि झालें असेल, असा त्याचा भोळा तर्क असतो. या तर्काविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण येथें रोगाहून उपचारच अधिक प्राणघातक ठरण्याचा संभव आहे.

चिंचिला हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचा रहिवासी. वजन जेमतेम अर्धा किलो. पण त्याच्या एकेका रोमरंध्रांतून पन्नासाहून अधिक केस उगवतात. या मऊ लोकरीपायींच त्याची एवढी शिकार झाली कीं रानांतून तो नाहींसा होण्याच्या बेतास आला. १९२३ सालीं मॅथियस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्यानें चिलीमधून ११ चिंचिला कॅलिफोर्नियांत नेले, तेहि लोकरीसाठींच, लळ्यासाठीं नव्हे. कोरड्या व थंड हवेंत घडलेल्या या देहास सुमारें २७ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता सोसत नाहीं. कोंदट खोली, भिजलेलें अंथरूण, पिंजऱ्यांतील दाटी किंवा अंगावर येणारा गार झोत एवढें निमित्त झालें, कीं बोर्डेटेला, स्ट्रेप्टोकोकस यांसारखे जंतु फुप्फुसांत ठाण मांडतात. बोर्डेटेला तर सशाच्या नाकांत कांहींएक लक्षण न दाखवितां राहूं शकतो. म्हणून सशाचा शेजार या प्राण्यास नसलेलाच बरा.

आतां औषधाविषयीं. पेनिसिलिननें मनुष्यजातीवर केलेले उपकार कोण नाकारील? परंतु चिंचिला गवतावर जगतो, आणि तें गवत पचविण्याचें काम त्याच्या आतड्यांतील असंख्य सूक्ष्म जंतु करीत असतात. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलें, कीं हे उपकारक जंतु मरतात, त्यांच्या जागीं क्लॉस्ट्रिडियम माजतो, आणि त्याच्या विषानें हगवण लागून थोड्याच दिवसांत तो मुका जीव जातो. धनी मात्र म्हणतो, "औषध देऊनहि वांचला नाहीं!" या उद्गारांतील 'देऊनहि' हा शब्द आमच्या मनाला फार बोंचतो.

योग्य मार्ग पशुवैद्याच्या दारावरून जातो. तो नाकांतील स्रावाची तपासणी करून कोणत्या जंतूवर कोणतें औषध चालेल हें ठरवितो, गरज पडल्यास क्ष-किरणानें छाती पाहतो; कधीं कधीं दोष जंतूंचा नसून वाढलेल्या दांतांच्या मुळांचाहि निघतो. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम व सल्फा यांचें मिश्रण बहुधा दिलें जातें. मात्रा वजनावर ठरते; ती आम्ही मुद्दामच येथें देत नाहीं. श्वास फार लागला असल्यास प्राणवायु द्यावा लागतो. जनावर सुधारलेलें दिसलें म्हणून सांगितलेल्या मुदतीआधीं औषध थांबवूं नये.

घरच्या माणसाचें काम याहून निराळें, आणि आमच्या मतें अधिक कठीण. नाक चोंदलें कीं चिंचिला खाणें सोडतो, आणि खाणें सुटलें कीं त्याचें आतडें थंडावतें. म्हणून गवताच्या भुकटीचें पातळ खाद्य सुई नसलेल्या पिचकारीनें, थोडें थोडें, रात्रींहि उठून भरवावें लागतें. त्याचें आवडतें धूलिस्नानहि तेवढे दिवस बंद. ती धूळ आजारी नाकांत जाते.

इतक्याशा जनावरासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. ज्यास असें वाटतें त्यानें तो विकत घेण्याआधींच विचारावें. कारण हा प्राणी दहा वर्षें सहज जगतो, कित्येक त्याहून पुष्कळच अधिक. मुंबईसारख्या दमट शहरांत ही हौस कोणास वाटलीच, तर खोली बाराहि महिने थंड व कोरडी ठेवण्याचा खर्च आधीं मांडावा, आणि पिंजऱ्याबरोबर एक लहानसा तराजू घ्यावा. भक्ष्य म्हणून जन्मलेला हा जीव आपलें दुखणें होतां होईल तों लपवितो. शिंक ऐकूं येण्यापूर्वीं तें तराजूवर दिसूं शकतें.